मृतांच्या प्रदेशाची भिंत : कुमारांच्या फँटसीचे सलग वाचन

पुस्तके ज्या अंतराने प्रसिद्ध होतात त्याच अंतराने ती वाचली जातात असे नाही. इंग्रजीतील कुमारवाङ्मयाच्या बाबतीत तर आपल्याकडचा प्रौढ वाचक बहुधा उशिरा पोहोचतो, आणि पोहोचतो तेव्हा मालिकेतील सगळी पुस्तके एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असतात. ‘सवडीने वाचू’ म्हणून वर्षानुवर्षे मागे पडलेली अशी बारा पुस्तके प्रस्तुत लेखकाने अलीकडे सलग वाचली. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील सहा (१९६८ ते २००१), फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या त्रयीतील तीन (१९९५ ते २०००) आणि ऑस्ट्रेलियन लेखक गार्थ निक्स यांची ‘सॅब्रिएल’, ‘लिराएल’ व ‘अ‍ॅबहॉर्सन’ (१९९५ ते २००३) ही ती पुस्तके. पुलमन आणि निक्स यांनी याच कथाविश्वांत पुढेही लेखन केले. ते येथे विचारात घेतलेले नाही.

अशा एकगठ्ठा वाचनाचा तोटा उघड आहे. ‘अर्थसी’चे तिसरे पुस्तक १९७२ चे आणि चौथे १९९० चे. मूळ वाचक या अठरा वर्षांत कुमारवयातून प्रौढत्वात आला. मालिकेबरोबर तोही बदलला. उशिरा आलेल्या वाचकाला ही वाट पाहणे लाभत नाही. परंतु त्याला दुसरे काही लाभते. मालिकेने स्वतःशीच घातलेला वाद त्याला ऐकू येतो. सहाव्या पुस्तकात जे नाकारले गेले ते तिसऱ्या पुस्तकात किती भक्कम स्वरात प्रतिपादले होते, हे त्याच्या स्मरणात ताजे असते. मालिका म्हणजे बाजारपेठेच्या सोयीसाठी लांबवलेली कथा, असे समीक्षेत सरसकट धरले जाते. पुष्कळ मालिकांबाबत ते खरेही आहे. पण काही मालिकांमध्ये पुढचे पुस्तक हे मागच्या पुस्तकाची समीक्षा असते, आणि ही समीक्षा बारकाईने वाचल्याशिवाय त्या वाङ्मयप्रकाराविषयी बोलता येणार नाही.

मराठी समीक्षेला या प्रकाराविषयी बोलण्याची निकड फारशी भासलेली नाही. याचे एक कारण आपल्या कादंबरीविषयक इतिहासलेखनात आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) सुरू झालेली अद्भुतरम्य कादंबरी आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) प्रस्थापित होत गेलेली वास्तवदर्शी कादंबरी, यांच्यातील संबंध आपण वाढीच्या रूपकातून मांडत आलो. कादंबरी ‘वयात आली’ म्हणजे तिने अद्भुत टाकले. हेच रूपक मग वाचकाच्या आयुष्यालाही लावले गेले. लहानपणी राक्षस आणि पऱ्या, कुमारवयात साहस, आणि त्यानंतर खरे वाङ्मय. कुमारवाङ्मय ही या जिन्याची मधली पायरी ठरली. आणि पायरीवर पाय द्यायचा असतो, तेथे थांबून पाहायचे नसते. पाश्चात्त्य सिद्धान्तनानेही या बाबतीत फारशी मदत केली नाही. तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये ‘फँटास्टिक’ची व्याख्या वाचकाच्या संभ्रमावर बेतली : घडलेली घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे जोवर ठरत नाही तोवरच हा प्रकार टिकतो. रोझमेरी जॅक्सन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हाच धागा पकडून फँटसीला विध्वंसक सामर्थ्य बहाल केले, पण टॉल्किन, ल ग्विन आदींना विवेचनाच्या कडेलाच ठेवले. स्वयंपूर्ण अद्भुत विश्व निर्माण करणारे लेखन व्यवस्थेला धक्का देत नाही, सांत्वन करते, असा या मांडणीचा रोख आहे. १९८१ मध्ये हे म्हणणे समजण्याजोगे होते. ‘अर्थसी’ तेव्हा तीन पुस्तकांतच थांबलेली होती.

या बारा पुस्तकांचे सूत्र एका जागी एकवटते. तिन्ही मालिकांत कुणी तरी जिवंतपणी मृतांच्या प्रदेशात जाते आणि परत येते. या प्रवासाची परंपरा जुनी आहे, आणि मराठी वाचकाला नचिकेत्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेला तो मुलगा मुळात बापाच्या दानातील खोट ओळखणारा मुलगा आहे. कठोपनिषदावरील भाष्यांना त्याच्या तिसऱ्या वराचे महत्त्व वाटणार हे ओघानेच आले. पण कथा सुरू होते ती वाटलेल्या गायी म्हाताऱ्या आणि भाकड आहेत हे मुलाच्या लक्षात आल्यामुळे. वडीलधाऱ्यांनी ‘धर्म’ म्हणून समोर ठेवलेल्या गोष्टीत काही तरी बनाव आहे, हे ज्याला दिसते तो कुमार. कुमारवाङ्मयाची व्याख्या वयोगटावरून करण्याऐवजी येथून करून पाहता येईल : निसर्ग म्हणून सांगितलेली व्यवस्था माणसांनी रचलेली आहे, हा शोध ज्या वाङ्मयाच्या केंद्रस्थानी असतो ते वाङ्मय.

ल ग्विन यांच्याकडे हा शोध लागायला तेहेतीस वर्षे लागली. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हे पुस्तक एका प्रकाशकाने कुमारांसाठी काही लिहा म्हटल्यामुळे लिहिले गेले. त्यात गेड हा तरुण जादूगार एका मरणाऱ्या मुलाला परत आणण्यासाठी त्याच्यामागोमाग जातो आणि उताराच्या काळोखात एक बुटकी दगडी भिंत त्याला दिसते. ती ओलांडली की मृतांचा प्रदेश. ही भिंत कुणी बांधली, हे पुस्तक विचारत नाही. समुद्राला किनारा असावा तशी ती असते. तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये, हा कोरडा प्रदेश सविस्तर येतो. तेथे तारे आहेत पण ते हलत नाहीत. नगरे आहेत पण व्यवहार नाहीत. एकमेकांवर जीव टाकणारी माणसे समोरासमोरून जातात आणि ओळख दाखवत नाहीत. कॉब नावाच्या जादूगाराने मरण चुकवण्याच्या हव्यासापोटी या दोन जगांमध्ये एक भोक पाडले आहे आणि त्यातून जगण्यातला अर्थच गळून चालला आहे. गवयांना गाणी आठवत नाहीत, कारागिरांचे हात बिघडले आहेत. गेड आपले सगळे सामर्थ्य खर्चून ते भोक बुजवतो. सोबत आलेला राजपुत्र अ‍ॅरन त्याला ओढत, आधार देत परत आणतो. मरण स्वीकारल्याशिवाय जगणे नाही, हे आशयसूत्र येथे इतक्या संयमाने बांधले आहे की पुस्तक मिटताना वाचक निःशंक असतो.

ही निःशंकता हाच पुढचा प्रश्न आहे. फँटसीच्या निवेदनतंत्राचा विचार करताना फारा मेंडलसन यांनी २००८ मध्ये एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवले. शोधयात्रेच्या फँटसीत अपरिचित जगाची माहिती एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाकडून मिळते आणि ती उलटतपासणीला खुली नसते. नायकाला ती मान्य करावी लागते आणि नायकामागून चालणाऱ्या वाचकालाही. ‘द फार्देस्ट शोअर’ याचा चोख नमुना आहे. गेड बोलतो, अ‍ॅरन ऐकतो. होडीतले त्यांचे संवाद सुंदर आहेत, परंतु त्यांची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे आणि गुरूला जे ठाऊक नाही ते संहितेलाही ठाऊक नाही. कोरडा प्रदेश असा का, मृतांना ओळख का उरत नाही, हे गेड विचारत नाही; म्हणून कुणीच विचारत नाही.

१९९० च्या ‘टेहानू’मध्ये गेडची शक्ती संपलेली आहे. दृष्टिकोन आता टेनारचा, म्हणजे शेत सांभाळणाऱ्या एका विधवेचा आहे, आणि तिच्या घरात आगीत होरपळलेली एक मुलगी आहे. ज्या समाजात जादूविद्या केवळ पुरुषांची, तिथे भांडी घासणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायकांना जग कसे दिसते, हे या पुस्तकाने विचारले. पुष्कळ वाचक त्यावर नाराज झाले. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ल ग्विन यांनी आपली पहिली पुस्तके पुरुषनायकाच्या परंपरेत कशी बसलेली होती, याची उघड चिकित्सा केली. ‘टेहानू’ची स्त्रीवादी वाचने पुष्कळ झाली आहेत, त्यांत येथे भर घालण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवायचे की मृतांच्या भिंतीला या पुस्तकानेही हात लावला नाही. लावला तो ‘द अदर विंड’ने.

या २००१ च्या कादंबरीत ऑल्डर नावाचा एक किरकोळ मांत्रिक आहे. फुटलेली भांडी सांधणे हे त्याचे कसब. त्याची बायको वारली आहे आणि रोज रात्री स्वप्नात तो त्या भिंतीपाशी जातो. पलीकडे मृतांची गर्दी असते आणि ते सुटका मागतात. हळूहळू जे उघड होते ते असे : कोरडा प्रदेश हे मरण नव्हेच. प्राचीन काळी माणसे आणि ड्रॅगन यांनी वाटणी केली. माणसांनी वस्तू आणि मालकी घेतली, ड्रॅगनांनी स्वातंत्र्य. पुढे जादूगारांनी करार मोडून पश्चिमेकडचा ड्रॅगनांचा मुलूख बळकावला, त्याला भिंत घातली आणि ‘खऱ्या नावां’च्या बळावर तेथे अमर राहण्याची सोय केली. भिंत पडताच वारा थांबला, पाणी आटले, तारे गोठले. मृतांचा प्रदेश ही चोरीची जमीन आहे.

हे समजल्यावर सलग वाचणाऱ्याने तिसऱ्या पुस्तकाकडे परत गेलेच पाहिजे. कॉब तेथे खलनायक होता, कारण त्याने अमरत्वाच्या लोभाने भिंतीला भोक पाडले. परंतु भिंतच मुळी अमरत्वाच्या लोभाने उभारलेली होती! कॉबचे पाप हे त्याच्या गुरूंच्या गुरूंनी केलेल्या पापाची उघडीवाघडी नक्कल ठरते, आणि गेडचा सर्वस्वत्याग म्हणजे एका जुन्या अन्यायाची डागडुजी. नायकाने जगाला वाचवले हेही खरे आणि मृतांचा कोंडवाडा पुन्हा बंद केला हेही खरे. ल ग्विन यांनी तिसरे पुस्तक खोडून काढले नाही, त्याची दुरुस्त आवृत्तीही काढली नाही. ते तसेच ठेवून त्याच्या शेजारी सहावे ठेवले. या निर्णयाची नैतिक उंची मोठी आहे. सहाव्या पुस्तकात गेड या मोहिमेवर जातही नाही. ऑल्डरचे म्हणणे ऐकून घेतो, त्याला पुढे पाठवतो आणि घरी राहून बाग सांभाळतो.

सत्य कुणाकडून कळते हेही पाहण्यासारखे आहे. येथे एक मार्गदर्शक नाही. भांडी सांधणाऱ्याची स्वप्ने, जादूगारांच्या बेटावर बदनाम ठरलेल्या एका परंपरेतील मांत्रिकाचे ज्ञान, होरपळलेल्या मुलीचे ड्रॅगनांशी असलेले नाते, आणि परमुलखातून लग्नासाठी पाठवलेल्या, भाषाही न येणाऱ्या राजकन्येच्या आजीबाईच्या गोष्टी, असे तुकडे जुळून ते कळते. मेंडलसन यांनी दाखवलेला उलटतपासणीचा अभाव येथे रचनेच्या पातळीवर दूर झाला आहे. जॅक्सन यांना जी विध्वंसकता संभ्रमाच्या फँटसीतच शक्य वाटली, ती संभ्रमाचा लवलेश नसलेल्या स्वयंपूर्ण विश्वातही शक्य होते. मात्र ते विश्व स्वतःच्याच पायाभूत गृहीतकांवर उलटावे लागते. आणि त्यासाठी मालिकेचा विस्तार लागतो. एका सुट्या कादंबरीला हे साधणार नाही, कारण जे उलथायचे ते आधी वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे मुरलेले असावे लागते.

तरीही एक शंका उरते, आणि ती आपल्याकडच्या वाचकाला अधिक तीव्रतेने जाणवावी. राजकन्येच्या लोकांना, म्हणजे कार्गांना, खरी नावे नसतात. ते पुनर्जन्म मानतात, आणि त्यामुळे मेल्यावर कोरड्या प्रदेशात अडकत नाहीत. सहाव्या पुस्तकात हा विश्वास जवळजवळ मुक्तिदायी ठरतो. पण याच मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात, ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’मध्ये (१९७१), टेनारला लहानपणी घरातून उचलून नेले जाते ते याच विश्वासाच्या आधारे. मेलेल्या मुख्य पुजारिणीचा ती पुनर्जन्म ठरवली जाते, तिचे नाव काढून घेतले जाते आणि अंधाऱ्या थडग्यांची ती राखणदार बनते. म्हणजे पुनर्जन्म ही कल्पना सत्तेचे हत्यार कशी होते हे ल ग्विन यांना नीट ठाऊक होते. ज्या समाजात पूर्वजन्मीच्या कर्माच्या हवाल्याने या जन्मीची उतरंड शतकानुशतके समर्थनीय ठरवली गेली, त्या समाजातील वाचक या स्थानी थबकणारच. ल ग्विन यांच्या बचावार्थ म्हणता येईल की भिंत पडल्यावर मृत परत जातात ते माती, वारा आणि प्रकाश यांत, कुठल्या कुळात किंवा वर्णात नव्हे. हे मान्य केले तरी दुसऱ्या आणि सहाव्या पुस्तकांतील हा ताण मालिकेने सोडवलेला नाही. तो तिने पाहिला, असेही दिसत नाही. ज्या लेखिकेने इतके उलटून पाहिले तिच्याकडून हे सुटावे, याची रुखरुख वाटते.

पुलमन यांच्या ‘द अँबर स्पायग्लास’मध्येही (२०००) मृतांचा प्रदेश हा तुरुंग आहे, आणि तो स्वतःला ईश्वर म्हणवणाऱ्या एका सत्ताधीशाने स्थापन केला आहे. लायरा आणि विल तेथे जातात, चाकूने जगाच्या भिंतीला वाट पाडतात आणि मृतांना बाहेर काढतात. बाहेर पडताच ते हवेत विरून जातात. ‘द अदर विंड’शी हे साम्य चकित करणारे आहे. दोन्ही पुस्तके वर्षभराच्या अंतराने आली. परंतु पुलमन यांची खरी कल्पकता सुटकेत नसून तिच्या अटीत आहे. त्या प्रदेशाच्या राखणदार हार्पी पहिल्याच भेटीत लायरावर तुटून पडतात, कारण ती एक साहसकथा रचून सांगत असते. लायरा थापाडी आहे. तीन पुस्तकांत तिच्या थापांनी तिला अनेकदा तारले. तेथे मात्र तिचे नावच ‘खोटारडी’ या अर्थी तिच्यावर उलटते. पुढे ती मृतांना आपल्या लहानपणीची खरी हकीगत सांगते, ऑक्सफर्डच्या विटांच्या मातीत पोरांबरोबर केलेल्या मारामाऱ्यांची, तेव्हा हार्पी शांत बसून ऐकतात. त्यांच्याशी ठरते ते असे, की यापुढे प्रत्येक मृताने आपल्या आयुष्याची खरी कहाणी सांगायची आणि त्या बदल्यात त्यांनी त्याला वाटेपर्यंत पोहोचवायचे.

‘मुक्तामाला’ ते ‘मधली स्थिती’ हा आपला जिना येथे विचित्र रीतीने उलटा होतो. अद्भुताच्या गाभ्यात, मृत्यूच्याही पलीकडे, वास्तवदर्शनाची मागणी केली जाते आणि ती करणाऱ्या असतात पंख असलेल्या राक्षसिणी. अद्भुत आणि वास्तव हे वयाचे टप्पे नसून एकाच संहितेत एकमेकांची परीक्षा घेणाऱ्या दोन निवेदनपद्धती आहेत, याचा यापेक्षा चांगला दाखला चटकन सुचत नाही. दुर्दैवाने पुलमन यांचा आपल्या प्रतिमांवर पुरेसा विश्वास नाही. स्वर्गाच्या राज्याऐवजी स्वर्गाचे प्रजासत्ताक हवे, हा विचार पात्रांच्या तोंडून इतक्यांदा येतो की ज्या चर्चच्या प्रवचनगिरीवर टीका चालली आहे तिचाच सूर ऐकू येऊ लागतो. एका प्रसंगात मात्र ते बोलण्याचा मोह टाळतात. जगाजगांतील खिडक्या बंद कराव्या लागणार असतात. एकच उघडी ठेवणे परवडणारे असते. लायरा आणि विल यांना ती स्वतःसाठी ठेवता आली असती. ती मृतांसाठी ठेवली जाते आणि ते दोघे कायमचे वेगळे होतात. हा निर्णय त्यांच्यावर कोणी वडीलधारा लादत नाही.

गार्थ निक्स यांचा प्रांत निराळा. त्यांच्याकडे मृत्यू ही थंड, ओढ असलेली नदी आहे, तिला नऊ दारे आहेत आणि नवव्या दारापलीकडे ताऱ्यांनी भरलेले आकाश. ही नदी कुणी रचलेली नाही, ती आहे. मृतांना परत येऊ न देणे, प्रत्येकाला शेवटच्या दारापर्यंत पोहोचवणे हे अ‍ॅबहॉर्सन घराण्याचे वंशपरंपरागत काम, आणि त्यासाठी सात घंटा. येथे प्रश्न विचारण्यापेक्षा कसब शिकण्याला महत्त्व आहे. कोणती घंटा झोपवते, कोणती चालवते, कोणती ऐकणाऱ्यांसकट वाजवणाऱ्यालाही मृत्यूत ओढते, हे सगळे एखाद्या धंद्याच्या बारकाव्याने येते. वैचारिक दृष्ट्या ही मालिका तिन्हींत सर्वांत सनातनी म्हणावी लागेल : राजवंश, घराणी, रक्तातून उतरणारी कर्तव्ये. पण भीतीविषयी ती सर्वांत खरे बोलते. ‘लिराएल’मधील राजपुत्र सॅमेथ याला मृत्यूच्या नदीत एकदा जबर अनुभव येतो आणि त्यानंतर आईच्या त्या ग्रंथाला हात लावण्याचेही धैर्य त्याला होत नाही. घराण्याने नेमून दिलेले काम आपल्याला जमणार नाही, हे तो कुणालाच सांगू शकत नाही. शेकडो पाने नुसता टाळत राहतो. अ‍ॅरन किंवा लायरा यांच्या शौर्यापेक्षा हे टाळणे कुमारवयाच्या अधिक जवळ जाते.

शिवाय निक्स यांच्याकडेही एक भिंत आहे. ती मृत्यूची नव्हे. जादूच्या जुन्या राज्याला यंत्रांच्या, पलटणींच्या अ‍ॅन्सेल्स्टीअर देशापासून वेगळे करणारी सरहद्द आहे. अ‍ॅन्सेल्स्टीअरमध्ये दक्षिणेकडून युद्धाने विस्थापित झालेले निर्वासित आले आहेत, आणि त्यांना नको असलेले राजकारणी त्यांना मोकळ्या जमिनीची आशा दाखवून त्या भिंतीपलीकडे हाकलण्याचा बेत करतात. पलीकडे त्यांना मारून त्यांच्या प्रेतांची फौज उभारायला मृतांचे मांत्रिक टपलेले असतात. मृतांना शांत करण्याचे वंशपरंपरागत कौशल्य आणि जिवंत माणसांना मृत मानून टाकणारे राज्य, या दोन गोष्टी निक्स शेजारी ठेवतात. त्यांच्यातला संबंध उलगडण्याचा फारसा प्रयत्न ते करत नाहीत. युद्ध आणि पाठलाग यांत कथानक पुढे धावते. सॅमेथला अखेरीस त्याचे खरे काम सापडते. तो मृत्यूच्या वाटेवरचा नव्हे, भिंत उभारणाऱ्या प्राचीन कारागिरांचा वारस निघतो. ‘द अदर विंड’मध्ये भिंतीचे दगड हातांनी उपसले गेल्यानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत घाबरलेल्या मुलाला भिंत बांधणाऱ्यांचा वारसा मिळतो आणि कथा त्यावर समाधान मानते. त्या भिंतीपाशी आणून सोडलेल्या निर्वासितांना ती दोन्ही बाजूंनी कशी दिसली असेल, हे सांगणारे प्रकरण या तीन पुस्तकांत नाही.